राहिलेला कान

हरेश येणार म्हणून छायानं सकाळपासून अंगण दोनदा झाडलं आणि दोन्ही वेळा केरसुणी आपटून म्हणाली, "यायचा तर येईल, नाय तर नाय. आपलं काय अडलंय?"

अडलं होतं, चांगलंच अडलं होतं. आज लेकीची, नम्रताची, सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं. खालापूरची मंडळी जेवायला येणार होती, आणि मुलीला आतून हाताला धरून आणायचं, पाटावर बसवायचं, ते मामानं. हा त्यांच्याकडचा रिवाज. आता मामा एकच, छायाच्या पाठचा हरेश, आणि त्या मामाची ख्याती अशी, की घरातल्या एकाही कार्याला तो धड हजर नव्हता. थोरले भाऊ आप्पा गेले तेव्हा हा तेराव्याला उगवला. माहेरी, पोशीरच्या घरभरणीला आला तो निघायच्या बेतानंच आला. घरातल्या आल्बममध्ये हरेश म्हणून जे काही आहे ते म्हणजे एका फोटोत कोपर, एकात पाठमोरं डोकं, आणि आप्पांच्या साठीच्या फोटोत तुळशीमागून डोकावणारी एक चप्पल. कॅमेरा वर झाला की हा माणूस कुठं विरघळतो ते कुणाला कळत नसे.

छायाच्या लग्नाच्या फोटोंत तर चप्पलही नव्हती.

त्या लग्नाला आता पस्तीस वर्षं झाली, पण छायाला विचाराल तर परवाच झालं. नवरीच्या पाठच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट नांदव म्हणून दटावायचं, आणि नवरदेवानं त्याला टॉवेल-टोपी द्यायची. भटजींनी "भाऊ कुठाय?" म्हणून हाका मारल्या. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी चुलत्याच्या कमळ्याला पुढे ढकलला. कमळ्यानं नवरदेवाचा, रोहिदासचा, कान असा धरला, जसा काही बाजारात केळं पिकलंय का बघतोय. टॉवेल-टोपी घेऊन कमळ्या पंगतीला बसला, आणि छायानं जे तोंड फिरवलं ते पुढं कितीतरी वर्षं फिरवलेलंच राहिलं. राखी पोस्टानं जायची, पण पाकिटात राखीशिवाय काही नसायचं.

मधे कधीतरी हरेशनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, मी आकडेवारी खात्यात असतो. फक्त तुला सांगतोय. कुणाला बोलू नकोस." आकडेवारीत लपवण्यासारखं काय असतं, असं तिला वाटलं होतं. पण शब्द दिला तो दिला.

खरं काय ते तिला कळलं गेल्या दिवाळीत. हरेश निवृत्त होऊन पोशीरच्या घरी राहायला आला होता आणि भाऊबिजेला छायाकडे आला, तर त्याच्या मागोमाग पोलिसांची जीप. घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. छायानं पोलिसांना फराळाच्या ताटल्या दिल्या आणि विचारलं, "काय केलं माझ्या भावानं?" त्यातला कोवळा पोलीस करंजी खाता खाता म्हणाला, "काय केलं? ताई, सगळ्या देशाच्या गुप्तचर खात्यात वरून दुसरे होते साहेब! तुम्हाला ठाऊक नाही?" छायानं त्याच्या ताटलीत आणखी एक करंजी टाकली आणि सगळं काढून घेतलं. काश्मीर, मिझोराम, परदेश, राष्ट्रपतींचं पदक. मग ती आत येऊन हरेशसमोर उभी राहिली.

"आकडेवारी काय रं?"

"अगदीच खोटं नव्हतं. आकडे असतात त्यात."

"आता तर निवृत्त झालास ना? मंग?"

"नोकरी संपली, ताई. बाकीचं चालूच असतं. कुणाला बोलू नकोस."

म्हणजे ती दुसऱ्यांदा शब्दात अडकली.

आज मात्र हरेश वेळेवर आला. सुंदरावहिनींना, म्हणजे आप्पांच्या मागे पोशीरचं घर सांभाळणाऱ्या भावजयीला, बरोबर घेऊन टेंपोनं आला आणि ओटीवर भिंतीला पाठ लावून, दार समोर दिसेल अशा खुर्चीत बसला. ती खुर्ची नवऱ्या मुलाच्या आजोबांसाठी ठेवली होती. पण त्याला उठवायची कुणाला सवय नव्हती, कारण तो बसलेला बघायचीच कुणाला सवय नव्हती.

खालापूरची मंडळी आली. नवरा मुलगा रुद्र, त्याचे वडील जितेश, दोनचार पाव्हणे, आणि सगळ्यांच्या पुढं आजोबा आबाजी. आबाजींनी उभी हयात गावची पोलीस पाटीलकी केलेली. पाटीलकी जाऊन जमाना झाला, तरी माणूस अजून पंचनाम्याला आल्यासारखाच घरात शिरे. आधी कौलं बघितली, मग न्हाणीघर, मग माणसं. हरेशपाशी येऊन ते थांबले.

"तुमी मामा. दिल्लीला व्हता म्हणं."

"हो."

"कशात?"

"सरकारी नोकरीत."

"खातं कोणतं?"

"केंद्राचं. बसा ना. यंदा भात कोणतं लावलं होतंत?"

आबाजी बसले आणि भात सांगू लागले. भातावरून ते बांधावर आले, बांधावरून मेव्हण्याच्या दाव्यावर, दाव्यावरून गुडघ्याच्या ऑपरेशनवर, आणि गुडघ्यावरून थोरल्या सुनेशी का पटत नाही त्यावर. हरेश मान हलवत होता. मधेच आबाजींचं बोलणं तुटलं. जन्मभर दुसऱ्यांचे जबाब घेतले, आणि आज आपलाच जबाब होऊन गेला, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते उठले ते थेट मागल्या परसात गेले.

परसात रोहिदास पोपटी लावत होता. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवलेला. आबाजी त्याच्याशी बराच वेळ खालच्या आवाजात बोलत बसले. मग पडवीत सुंदरावहिनी पानं पुसत होत्या, तिकडं गेले. मग पाणी मागायला म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आले.

"विहीणबाई, आता घरचंच झालंय म्हणून विचारतो. तुमचा भाऊ कशात व्हता?"

छायाच्या हातात कालवणाची पळी होती. तिनं ती खाली न ठेवताच सांगितलं, "आकडेवारी खात्यात. पण कुणाला बोलू नका, हां."

"छे, छे," आबाजी म्हणाले आणि पाणी न पिताच गेले. छायाला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण कालवण उतू जात होतं.

पोपटी फोडली. शेंगांचा खमंग वास सगळ्या दहिवली गावभर गेला. मंडळींनी सोलून सोलून खाल्लं, हात धुतले, ओटीवर सतरंजी पडली. पाट मांडला, ताम्हनात सुपारी ठेवली, शेजारी बत्ता. आतल्या खोलीत नम्रता हिरवी साडी नेसून मामाची वाट बघत होती. दोन वर्षं ती आणि रुद्र एकाच कंपनीत कामाला. दोघांनी किती दिवस घरच्यांना समजावलं, तेव्हा कुठं आजचा दिवस उगवला होता. सुपारी वडीलधाऱ्यानं फोडायची. आबाजींनी ती उचलली, मुठीत धरली, आणि बत्त्याकडे हातच नेला नाही.

"फोडण्याच्या आधी एक बोलायचंय," ते म्हणाले. "मुलीचे बाप म्हणले, मामा हवामान खात्यात व्हता. वहिनी म्हणल्या, आसामात चहामळ्यांच्या मंडळात. मुलीची आई म्हणती, आकडेवारीत. आणि तिघांनी बी मला सांगितलं, कुणाला बोलू नका."

ओटीवर कुणी पान लावत होतं, त्याचा हात चुन्यातच राहिला.

या घराचं कौतुक करावं तेवढं थोडं. हरेशनं एकेकाला एकेकटं गाठून एकेक नोकरी सांगितली होती, फक्त तुला सांगतोय म्हणून बजावलं होतं, आणि तिघांनीही ती आजवर नवराबायकोत, नणंदभावजयीत, कुणापाशी म्हणून उच्चारली नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं, खरं काय ते आपल्यालाच ठाऊक. अळीमिळी गुपचिळी, आणि तीही प्रत्येकाची वेगळी.

"हवामान खातंच!" रोहिदास उसळला. "त्यानं मला सोताच्या तोंडानं सांगितलंय. इतकी वर्सं मी त्याला फोन करून पेरणी करतोय!"

"आणि पाऊस पडायचा?" जितेशनं विचारलं.

"कधी पडायचा, कधी नाय."

"मग हवामान खातंच असेल," पाव्हण्यांतलं कुणीतरी म्हणालं.

"असं कसं?" सुंदरावहिनींनी पदर खोचला. "दरसाली मला चहाची पत्ती कोण धाडायचा? तुमचं हवामान?"

"पत्ती आसामचीच होती, वहिनी," हरेश शांतपणे म्हणाला. इतक्या गोंधळात त्याला एवढंच स्पष्ट करावंसं वाटलं.

आबाजींनी हात वर केला. "मी पाटीलकी केलेली हाय. एका माणसाच्या तीन नोकऱ्या असल्या, की तो एक तर फरार असतो, नाय तर आत. लगीन नाय केलं. फोटो काढताना पोरं म्हणली, मामा सरकले. मला भलतं बोलायचं नाय, पण तुरुंगात व्हता काय?"

"आबा!" रुद्र ओरडला.

"तू गप. पोरगी सोन्यासारखी हाय, तिच्याबद्दल आमचं काय नाय. पण घरात येवढं मोठं खोटं वागवतात तिथं सोयरीक करायला माझा हात धजत नाय. खरं काय ते एकानं सांगा. मी आत्ता फोडतो सुपारी."

छाया उंबऱ्यात उभी होती. एक वाक्य, बस्स. ते तिच्या जिभेवर आलेलं होतं. बोलली असती तर ह्याच म्हाताऱ्यानं उठून हरेशला नमस्कार घातला असता. मागे नम्रता दाराआडून आईकडे बघत होती, हे छायाला न वळता कळत होतं, आणि वळायची तिची छाती होत नव्हती. तिनं हरेशकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. जन्मभर त्यानं तेवढंच तर केलं होतं.

मग हरेश उठला. चपला बघू लागला.

"माझ्यामुळे अडलंय," तो म्हणाला. "मी निघतो. मी नसलो की प्रश्नच उरत नाही. मामाच्या जागी कमळ्या चालेल, तो नेरळलाच असतो. मी करतो त्याला फोन."

कमळ्याचं नाव निघालं आणि पस्तीस वर्षं मुरलेलं सगळं वर आलं.

"खाली बस," छाया म्हणाली.

"ताई, व्यवहारानं बघितलं तर..."

"खाली बस म्हणते ना हऱ्या! परत कमळ्या? माझ्या लग्नाला कमळ्या, आता माझ्या पोरीला बी कमळ्याच? भाऊ तू का कमळ्या, ते तरी एकदा सांगून टाक मला!"

हरेश बसला. बाहेर त्याच्या खुर्चीपुढं किती जण उभे राहत असतील ते असोत, त्याला 'हऱ्या' म्हणून बसवणारी ही एकच होती.

छायानं आबाजींकडे तोंड केलं. "पाटील, हा काय करायचा ते मला ठाऊक हाय. खरं खरं ठाऊक हाय. पण मी शब्द दिलाय, मी सांगणार नाय. तुरुंगात नव्हता, येवढं माझ्या पोरीची शपथ घेऊन सांगते. फोडायची तर फोडा सुपारी, नाय तर घेऊन जावा खालापूरला." एवढं बोलून तिला रडूच फुटलं, कारण आपण पोरीचं लग्न मोडलं असं तिला त्या क्षणी पक्कं वाटलं. पदरानं तोंड पुसून ती भावाकडे वळली. "मला तुझं खातं नको, हुद्दा नको, काय नको. माझ्या लग्नाच्या दिवशी कुठं व्हतास, येवढं सांग. येवढंबी सांगता येत नसंल, तर जा खुशाल."

परसातली राख वाऱ्यानं पडवीपर्यंत आली. आबाजींनी सुपारी या हातातून त्या हातात घेतली.

"ठाकुरवाडीला," हरेश म्हणाला.

"कुठं?"

"कर्जतच्या वरच्या घाटात. पुण्याकडून येणाऱ्या गाडीत होतो. ब्रेक तपासायला तिथं गाडी थांबते ना. वरून खालचा सगळा मुलूख दिसतो. घड्याळात बघितलं, तर मुहूर्ताला अवकाश होता." तो बोलता बोलता स्वतःच्या हातांकडे बघत होता. "मग गाडी कर्जतला आली. तुझ्या मांडवाचा लाउडस्पीकर स्टेशनात ऐकू येत होता. मंगलाष्टका चालू होत्या. आप्पांचा आवाज होता एका कडव्याला. बेसूर."

"आप्पांनीच म्हणलं व्हतं," सुंदरावहिनी हळूच म्हणाल्या.

"मंग उतरला का नाय? दहा पावलांवर मांडव!" छाया ओरडली. "धावत येऊन, कान पिळून, धावत जायचास!"

"माझ्या शेजारी एक माणूस होता. त्याला सोडून उतरता येत नव्हतं."

"कोण माणूस?"

"ते सांगता येत नाही."

"अजून?"

"अजून. त्यानं मला विचारलं, कुणाचं लग्न आहे? मी म्हटलं, काय माहीत, असेल कुणाचं तरी."

छाया उंबऱ्यावर बसली. ती इतकी वर्षं भांडत होती ते न आलेल्या भावाशी. इथंपर्यंत येऊन, कान देऊन ऐकून, आणि कुणाचं तरी असेल म्हणून पुढं गेलेल्या भावाशी कसं भांडायचं, ते तिला येत नव्हतं.

आबाजी पुढे सरकले. आवाज एकदम घरगुती झाला होता.

"त्या माणसाला बेड्या व्हत्या?"

हरेशचा हात नकळत डाव्या मनगटावर गेला.

"कळलं," आबाजी म्हणाले. "ह्या जितेशच्या बारशाला मी नव्हतो. पाताळगंगेच्या काठी प्रेत राखत बसलो व्हतो, तालुक्याचा माणूस येईतोवर. कुत्री हाकलत. घरी पोराचं नाव ठेवून झालं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बायको मरेस्तोवर ऐकवीत व्हती. म्हंजे आमच्याच लायनीतले म्हणा की."

"तसंच काहीसं."

"मंग आधी सांगायचं! हवालदार तरी झालात का?"

"त्याच्या जरा वर."

"फौजदार?"

"जरा वर."

आबाजींनी त्याच्याकडे समजूतदारपणे बघितलं. रिटायर माणूस दोन पायऱ्या वाढवून सांगतोच, त्यांनी स्वतःही कमी सांगितल्या नव्हत्या. "असू दे, असू दे," ते म्हणाले. "हुद्द्यात काय नसतं." आणि बत्ता उचलून एका घावात सुपारीचे तुकडे केले.

आत नम्रतानं भिंतीला डोकं टेकलं. पाव्हण्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. सगळे एकदम बोलू लागले. मामानं आता मुलीला आणायला उठायचं, तेवढ्यात रोहिदास वाटेत आडवा उभा राहिला. पोपटीची राख अजून त्याच्या कोपरापर्यंत होती.

"थांब. म्हंजे हवामान खातं नव्हतं?"

"नव्हतं, भावोजी."

"आणि मी फोन करायचो तेव्हा?"

"पेपरात बघून सांगायचो."

रोहिदासचा चेहरा लाल झाला. एक साल त्याचं भाताचं अख्खं बियाणं कुजून गेलं होतं, त्याची याद त्याला आली असावी. छाया झटकन उठली. नवऱ्याचा राग तिला ठाऊक होता. "अवो," ती म्हणाली, "आज नको."

"आजच," रोहिदास म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मेव्हण्यापुढं मान वाकवली.

"घे. राहिलाय."

हरेशला काही कळेना. देशभराचं कळायचं त्याला, पण हे कळायला वेळ लागला. त्यानं बहिणीकडे बघितलं. छायानं मान हलवली. मग त्यानं हात पुढे केला, रोहिदासचा पिकल्या केसांमागचा कान चिमटीत धरला आणि पिळला. कमळ्यासारखा नाही. चांगला मुळापासून.

"माझ्या बहिणीला..." तो म्हणाला. दिल्लीचं सगळं शुद्ध मराठी कुठं गेलं कोण जाणे. "माझ्या तायला नीट नांदवा, दाजी."

"नांदवली की रं," रोहिदास कळवळून म्हणाला. "आयला, लई जोरात!"

आबाजी मांडीवर थाप मारून हसले. रुद्रनं मोबाईल काढून वर धरला. मोबाईल दिसताच हरेशची मान सवयीनं बाजूला वळायला निघाली. पण एका हातात कान होता, दुसऱ्या हातात रोहिदासनं आपली टोपी कोंबलेली होती, आणि जायला मागे जागा नव्हती, मागे छाया उभी होती. फोटो निघाला. हरेशचा अख्खा चेहरा, डोळ्यांतल्या पाण्यासकट.

"सोड की आता," रोहिदास म्हणाला.

"सोडू नको," छाया म्हणाली.